उपाशी येऊ नका

माझा रक्तगट एबी पॉझिटिव्ह. चाळिशी उलटेपर्यंत ही गोष्ट मी घराबाहेर आपणहून कुणाला सांगितली नव्हती. कॉलेजात पहिल्यांदा रक्तदान केलं तेव्हा तिथल्या बाई म्हणाल्या, "अरे वा, तुम्हाला कुणाचंही रक्त चालतं!" मी खूश. मग त्या म्हणाल्या, "तुमचं मात्र फक्त एबीवाल्यांनाच." हे घरी येऊन सांगितलं आणि जन्माचा फसलो. मोठ्या भावाचा गट ओ निगेटिव्ह, म्हणजे ज्याच्या लाल पेशी कुणालाही चालाव्यात असा. तेव्हापासून मी ताटात सुरमईची दुसरी तुकडी मागितली, की तो म्हणायचा, "वाढ गे आये, एबी तो. घेणारोच!"

तर परवा माडाच्या आळ्यात शेणखत घालत होतो तेव्हा रक्तपेढीतल्या ताईंचा फोन आला. "तुमचा गट एबी ना? प्लाझ्मा द्याल का?" मी म्हटलं, माझं कुणाला चालत नाही. त्या हसल्या. प्लाझ्मा म्हणजे रक्तातलं पिवळं पाणी, त्याच्या बाबतीत हिशेब उलटा असतो म्हणाल्या. लाल पेशींवर ए किंवा बी अशी खूण असते, आणि जी खूण आपल्याकडे नाही तिच्याविरुद्धची हत्यारं आपल्या प्लाझ्म्यात तयार असतात. एबीवाल्याकडे दोन्ही खुणा, म्हणून हत्यार एकही नाही. त्यामुळे त्याचा प्लाझ्मा कुठल्याही गटाला चालतो. ओवाल्याकडे खूण एकही नाही, म्हणून दोन्ही हत्यारं, त्यामुळे त्याचा प्लाझ्मा फक्त ओवाल्यांना.

मी ताईंना होकार द्यायच्या आधी मनातल्या मनात मुंबईला भावाला फोन लावून मोकळाही झालो. त्या नादात ताईंच्या तीन सूचनांपैकी दोनच कानात शिरल्या. भरपूर पाणी प्या आणि उपाशी येऊ नका. तिसरी काय होती ते पुढे कळलं.

आईला समजावणं सोपं नव्हतं.

"रगात देऊक जातंस?"

"रगात नाय गे, प्लाझ्मा. रगात काढतले, त्यातला पिवळा पाणी ठेवतले, उरलेला परत घालतले."

"परत देतले? मगे काढतत कशाक?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण 'उपाशी जाव नको' एवढं तिला पटलं. आदल्या रात्री घरात कोंबडी-वडे झाले होते. सकाळी तिने उरलेला रस्सा उकळला, वडे पुन्हा तळले आणि दोन्ही हातांनी वाढले. देशासाठी खातोय अशा भावनेने मी खाल्लं.

सोबतीला शेजारचे दाजी. दाजींना या विषयात अधिकार आहे. काही वर्षांपूर्वी काजूच्या बागेत पाला गोळा करताना त्यांना फुरसं चावलं. फुरसं दिसायला वीतभर, पण त्याचं विष रक्तातलं फायब्रिनोजेन संपवून टाकतं. हे फायब्रिनोजेन प्लाझ्म्यातलंच. जखम झाली की त्याचं जाळं विणलं जातं आणि रक्त धरतं. डॉक्टरांनी दाजींचं रक्त काचेच्या नळीत घेऊन 20 मिनिटं नुसतं ठेवलं, तरी ते गोठलं नाही. मग लस टोचली. ही सर्पदंशाची लस घोड्याच्या प्लाझ्म्यातून काढतात. घोड्याला विष थोडं थोडं टोचत नेतात, त्याच्या अंगात विषाविरुद्धची प्रथिनं तयार होतात, ती आपल्याला मिळतात. दाजी वाचले, पण कंपाउंडरने ही माहिती वाडीत सांगितली आणि तेव्हापासून दाजी 'घोडो' झाले. सून चहा देताना हसते, इतकं ते पसरलंय.

रक्तपेढीत वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, सगळं पास. मग तपासणीसाठी नळीभर रक्त घेऊन ते यंत्रात गरगर फिरवलं. खरं तर तळाशी लाल पेशी बसायच्या आणि वर स्वच्छ पिवळा प्लाझ्मा दिसायचा. ताईंनी नळी उजेडात धरली. वरचा भाग पांढरा होता. नुसता फिकट नव्हे, चांगला दाट.

"सकाळी काय खाल्लंत?"

"थोडंसं."

"थोडंसं काय?"

"कोंबडी-वडे," दाजी म्हणाले. "सात."

"सहा," मी दुरुस्ती केली.

तिसरी सूचना होती, तेलकट खाऊ नका. जेवणातली चरबी काही तास रक्तात तरंगते, प्लाझ्मा दुधाळ होतो, तपासण्या नीट होत नाहीत आणि असा प्लाझ्मा वापरता येत नाही. आजवर माझी समजूत अशी, की खाल्लेलं पोटात जातं आणि तिथेच प्रकरण मिटतं. ते असं नळीत उभं राहून आपल्याविरुद्ध साक्ष देईल हे कुणाच्या ध्यानीमनी असतं?

दाजींनी नळी निरखली. "मेल्या, तुझ्यात नारळाचो रस उतरलो हा!"

आमची एसटी गावात पोचायच्या आधी ही बातमी पोचली. भावाचा फोनही आला. तो काय म्हणाला ते छापण्यासारखं नाही.

आठ दिवसांनी पुन्हा गेलो. या खेपेला उकड्या तांदळाची पेज आणि खारातला आंबा. "पेज खावन रगात देतलो!" म्हणून आई दोन दिवस बोलली नाही. नळी फिरली, वरचा थर निघाला स्वच्छ पिवळा. काजूच्या पिवळ्या बोंडूचा रस गाळून ठेवावा तसा. मला भरून आलं.

मग खुर्ची. एका हातात सुई, शेजारी घरघरणारं यंत्र. ते थोडं रक्त ओढतं, फिरवतं, प्लाझ्मा पिशवीत ढकलतं आणि लाल पेशी परत अंगात सोडतं. पुन्हा ओढतं, पुन्हा सोडतं. परत येणारं रक्त किंचित गार लागतं. थोड्या वेळाने ओठांना मुंग्या आल्या. मला वाटलं, संपलं. ताईंनी कॅल्शियमची गोळी दिली. रक्त नळीत गोठू नये म्हणून सायट्रेट घालतात, ते अंगातलं कॅल्शियम धरून ठेवतं, म्हणून मुंग्या. कपाळावर माशी बसली ती मात्र कुठल्याच गोळीने उठली नाही. एक हात सुईत, दुसऱ्यावर रक्तदाबाचा पट्टा. शेवटी दाजींनी वर्तमानपत्राने हाणली. माशी उडाली, कपाळ राहिलं.

पडल्या पडल्या मी ताईंना विचारलं, यात असतं काय एवढं? नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी, त्या म्हणाल्या. दाजींनी माझ्याकडे असं पाहिलं, की पाणी विकणाऱ्या गवळ्याकडे पाहावं. पण उरलेल्यात अल्ब्युमिन असतं, ते पाणी रक्तवाहिन्यांत धरून ठेवतं. ते कमी पडलं की पाय सुजतात. रोगाशी लढणारी प्रथिनं असतात, आणि दाजींचं ते फायब्रिनोजेन. यकृत खराब झालेल्यांना, फार रक्त गेलेल्यांना हे लागतं. पिशवी उणे 18 अंशाखाली गोठवली की वर्षभर टिकते.

"वर्षभर?" दाजी म्हणाले. "आमच्या फ्रीझरात बांगडो आठ दिवस नाय ऱ्हवणा."

"घोड्यालाही असंच करतात बरं का," ताई म्हणाल्या. "प्लाझ्मा ठेवून लाल पेशी त्याला परत देण्याची पद्धत आहे."

दाजी एकदम सरळ बसले. परतीच्या एसटीत खिडकीची जागा त्यांनी आपणहून मला दिली, आणि कंडक्टरने विचारायच्या आत सांगून टाकलं, "दोन फुल्ल. दोनय घोडे."

घरी आईने ताट वाढलं. सुरमई होती. मी दुसरी तुकडी मागितली नाही, नुसता ताटाकडे बघत बसलो. तिने वाढली. "खा," म्हणाली, "नि त्या पोरीक इचार, परत दिल्ल्यानी ता सगळा तुझाच होता मां?"