‘रोखे गेले आणि काळा पैसा परत आला’: या दाव्यात खरं किती?

निवडणूक जवळ आली की एक मजकूर मोबाइलवर फिरायला लागतो. शब्द बदलतात, आशय तोच राहतो. सर्वोच्च न्यायालयाने निवडणूक रोखे, म्हणजे बँकेतून विकत घेऊन नाव न सांगता पक्षाला देणगी म्हणून द्यायचे कागद, रद्द केले आणि राजकारण पुन्हा काळ्या पैशाच्या ताब्यात दिलं. रोख्यांचा पैसा बँकेतून यायचा, म्हणजे तो पांढराच होता. सगळ्याच पक्षांनी तो घेतला. उलट भाजपला ३०३ खासदार असून सहा हजार कोटीच मिळाले आणि बाकीच्यांना २४२ खासदारांवर चौदा हजार कोटी. देणाऱ्यांची नावं गुप्त ठेवली ती त्यांच्याच संरक्षणासाठी. कंपनीने स्वतःचा पैसा कुणाला द्यावा हा कंपनीचा प्रश्न. आणि मत तर तुमच्याच हातात आहे, मग कुणी कुणाला किती दिले याच्याशी तुम्हाला काय करायचंय?

हा मजकूर कुणा रिकामटेकड्याने रचलेला नाही. ३०३ आणि २४२ चा हिशेब मार्च २०२४ मध्ये अमित शहांनी जाहीरपणे मांडला होता. रोखे गेल्याचा सगळ्यांना पश्चात्ताप होईल, असं पंतप्रधानांनी एप्रिल २०२४ मधल्या मुलाखतीत सांगितलं होतं. देशाचे दोन सर्वांत मोठे नेते जे बोलले ते लोक पुढे पाठवणारच. म्हणून त्याला मुद्द्यानेच उत्तर द्यायला हवं.

आधी बँकेचा मुद्दा. रोखा स्टेट बँकेच्या ठरलेल्या शाखांत मिळायचा. हजार, दहा हजार, एक लाख, दहा लाख आणि एक कोटी अशा पाच किमतींचे रोखे होते. विकत घेणाऱ्याची केवायसी व्हायची, पण रोख्यावर त्याचं नाव नसायचं. पंधरा दिवसांत पक्षाने तो खात्यात भरला की झालं. मधल्या पंधरा दिवसांत तो कुणाकडून कुणाकडे गेला याची नोंद कुठेही नव्हती. पहिला खरेदीदार आणि शेवटी पक्षाच्या हातात रोखा ठेवणारा हे दोघे वेगळे असू शकतात, त्यामुळे केवायसीचा उपयोग नाही, ही हरकत रिझर्व्ह बँकेने योजना येण्याआधी, जानेवारी २०१७ मध्येच घेतली होती. निवडणूक आयोगाने मे २०१७ मध्ये कायदा मंत्रालयाला पत्र लिहून हे पाऊल मागे नेणारं असल्याचं कळवलं. ज्या दोन संस्थांना यातलं सर्वांत जास्त कळतं त्यांनीच नको म्हटलं होतं.

रोख्यांबरोबर कायद्यात जे बदल झाले, ते तर या मजकुरात कधीच नसतात. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या साडेसात टक्क्यांपर्यंतच राजकीय देणगी देता येत होती, आणि कोणत्या पक्षाला दिली ते नफा-तोटा पत्रकात छापावं लागत होतं. २०१७ च्या वित्त कायद्याने मर्यादा काढली आणि पक्षाचं नाव सांगण्याचं बंधनही काढलं. नफ्याची अट गेली म्हणजे तोट्यातली कंपनीही कोटी कोटी देऊ शकते. ज्या कंपनीला धंदाच नाही ती हे पैसे आणते कुठून? केवळ दुसऱ्याचा पैसा फिरवायला काढलेल्या कागदी कंपन्यांना ही सरळ वाट होती. हे सगळं धन विधेयक म्हणून, म्हणजे राज्यसभेला अडवता येत नाही अशा विधेयकातून, आणल्यामुळे राज्यसभेने सुचवलेल्या दुरुस्त्या लोकसभेने बाजूला ठेवल्या, आणि विषय तिथेच मिटला.

परदेशी पैशाचंही तसंच झालं. मार्च २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने भाजप आणि काँग्रेस दोघांनाही परदेशी देणगी कायदा मोडल्याबद्दल दोषी धरलं होतं. मग २०१६ आणि २०१८ मध्ये कायदाच बदलला, तोही मागल्या तारखेपासून. २०१८ चा बदल थेट १९७६ पर्यंत मागे नेला. लोकसभेत त्यावर चर्चाही झाली नाही.

आणि रोख्यांच्या काळात रोकड कमी झाली होती का? २०१९ ची लोकसभा निवडणूक घ्या. रोखे जोरात विकले जात होते आणि त्याच निवडणुकीत आयोगाने रोकड, दारू, अमली पदार्थ, सोनं असा मिळून सुमारे ३,४७५ कोटींचा ऐवज पकडला. पकडला गेला तो एवढा. रोख्यांचा पैसा काळ्या पैशाच्या जागी आला नव्हता, त्याच्या जोडीला आला होता. उलट रोखे गेल्यानंतर, २०२४-२५ मध्ये, निवडणूक न्यासांमार्फत, म्हणजे कंपन्यांकडून देणग्या घेऊन त्या पक्षांना देणाऱ्या संस्थांमार्फत, पक्षांना ३,८०० कोटींहून जास्त रक्कम मिळाली. ती बँकेतूनच आली, आणि न्यासाला पैसे देणाऱ्यांची नावंही जाहीर झाली. रोखे बंद झाले तर कंपन्या गोण्यांत नोटा भरून देतील, ही भीती या आकड्याशी जुळत नाही.

आता ३०३ खासदारांचा हिशेब. मार्च २०१८ पासून जानेवारी २०२४ पर्यंत तीस टप्प्यांत मिळून सुमारे १६,५१८ कोटींचे रोखे विकले गेले. वीस हजार कोटी कधीच नव्हते. भाजपने वटवलेले सहा हजार साठ कोटी हे १२ एप्रिल २०१९ नंतरचे आहेत. आधीचे धरले तर आयोगाने जाहीर केलेल्या माहितीनुसार ती रक्कम ६,९८६ कोटींच्या वर जाते. बाकीच्या सगळ्यांना मिळून राहतात साधारण साडेनऊ हजार कोटी. म्हणजे मजकुरातला चौदा हजारांचा आकडा चुकीचा आहे.

पण आकडा दुरुस्त करून थांबण्यात अर्थ नाही, कारण खासदारांच्या संख्येने भागाकार करणंच चूक आहे. एप्रिल २०१९ नंतरची यादी पाहा. तृणमूलला सुमारे १,६०९ कोटी, काँग्रेसला १,४२१ कोटी, भारत राष्ट्र समितीला १,२१४ कोटी, बिजू जनता दलाला ७७५ कोटी. भारत राष्ट्र समितीचे लोकसभेत नऊ खासदार होते. नऊ खासदारांच्या पक्षाला बाराशे कोटी कोण आणि का देतं? त्या पक्षाकडे डिसेंबर २०२३ पर्यंत तेलंगणाचं सरकार होतं, म्हणून. तृणमूलकडे बंगाल, बिजू जनता दलाकडे ओडिशा. ज्याच्या सहीने निविदा मंजूर होते, खाण मिळते, परवाना निघतो, त्याच्याकडे पैसा गेला. केंद्रात ती सही भाजपची असल्याने सर्वांत मोठा ढीग तिथे लागला. महाराष्ट्रात त्या काळात सत्तेत आलेल्या शिवसेनेच्या नावावरही दीडशे कोटींहून जास्त आहेत. ‘सगळ्यांनी घेतला’ हे जवळपास खरं आहे. मात्र त्याने योजना स्वच्छ ठरत नाही, सगळे पक्ष तिच्यात सामील होते एवढंच कळतं. जवळपास म्हणायचं कारण, मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाने रोखे घेतले नाहीत आणि योजनेविरुद्ध न्यायालयातही गेला. केरळात सत्तेवर असूनही त्यांनी नकार दिला, हे नोंदवायलाच हवं.

देणगीदाराच्या संरक्षणाचा मुद्दा मात्र नीट पाहण्यासारखा आहे, कारण त्यात तथ्याचा एक अंश आहे. छोट्या गावातल्या दुकानदाराने विरोधी पक्षाला दोन हजार रुपये दिले आणि ते स्थानिक आमदाराला कळलं, तर त्याला त्रास होऊ शकतो. न्यायालयानेही आपलं राजकीय मत खाजगी ठेवण्याचा हक्क मान्य केला आहे. पण रोख्यांच्या एकूण रकमेपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त रक्कम एक कोटीच्या रोख्यांची होती. हा दुकानदार नव्हे.

शिवाय नावं लपली ती कुणापासून? गुन्हा नोंद झाला की तपास यंत्रणा स्टेट बँकेकडून माहिती मागू शकतील, अशी तरतूद योजनेतच होती. प्रत्येक रोख्यावर अतिनील प्रकाशात दिसणारा क्रमांक होता, हे २०१८ मध्येच पत्रकारांनी प्रयोगशाळेत तपासून दाखवलं. सरकारी बँक आणि सरकारी तपास यंत्रणा यांच्या आवाक्यात माहिती होती. विरोधी पक्षाला पैसे दिले म्हणून ज्या सरकारची भीती वाटायची, त्या सरकारपासून संरक्षण शून्य. माहिती पूर्णपणे बंद होती ती फक्त तुमच्या-माझ्यासाठी. पक्षांनीही याचा सोयीने वापर केला. कुणीतरी पाटण्याच्या कार्यालयात पाकीट देऊन गेलं आणि त्यात एक एक कोटीचे दहा रोखे निघाले, असं संयुक्त जनता दलाने आयोगाला कळवलं. दहा कोटींचे रोखे टपालाने आले, पाठवणाऱ्याचं नाव नव्हतं, असं समाजवादी पक्षाने सांगितलं.

पडदा उघडल्यावर काय दिसलं? सर्वांत मोठा खरेदीदार लॉटरीच्या धंद्यातली फ्यूचर गेमिंग, १,३६८ कोटी. तिच्यामागे सक्तवसुली संचालनालयाचा तपास होता, आणि तिचा सर्वांत मोठा वाटा तृणमूल आणि द्रमुककडे गेला. दुसऱ्या क्रमांकावर हैदराबादची मेघा इंजिनिअरिंग, ९६६ कोटी. या कंपनीने एप्रिल २०२३ मध्ये रोखे घेतले आणि मे २०२३ मध्ये ठाणे-बोरिवली जुळ्या बोगद्याचं काम तिच्याकडे आलं. एवढ्यावरून देवाणघेवाण सिद्ध होत नाही, आणि विशेष तपास पथकाची मागणी सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये फेटाळली हेही खरं. पण ठाण्याच्या माणसाला दोन तारखा शेजारी ठेवून प्रश्न विचारता यावा, एवढा तरी त्याचा हक्क आहे की नाही? २०२४ पर्यंत त्याला तारखाच माहीत नव्हत्या.

कंपनीचा पैसा, कंपनीची मर्जी, हा युक्तिवाद आपल्या मुंबईत फार जुना आहे. १९५७ मध्ये टाटा आयर्न अँड स्टील कंपनीने राजकीय पक्षांना देणगी देता यावी म्हणून आपल्या संस्थापन पत्रात बदल मागितला. एका भागधारकाने विरोध केला आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांच्यापुढे आलं. कायद्यात मनाई नव्हती, म्हणून न्यायालयाने परवानगी दिली. पण हा धोका वाढत जाऊन एक दिवस लोकशाहीचाच गळा आवळू शकतो, असा स्पष्ट इशारा छागलांनी त्या निकालात दिला आणि संसदेने यात लक्ष घालावं असं सुचवलं. तेव्हा देशाच्या फक्त दोन सार्वत्रिक निवडणुका झाल्या होत्या.

त्या भागधारकाचा प्रश्न आजही तसाच आहे. कंपनीचा पैसा संचालकांच्या खिशातला नसतो. दरमहा एसआयपी भरणारी शिक्षिका, एलआयसीचा हप्ता भरणारा कंडक्टर, यांचे पैसे त्या शेअरमध्ये असतात. देणगीला संचालक मंडळाचा ठराव पुरतो. भागधारकांचं मत घ्यावं लागत नाही. आणि रोख्यांच्या सहा वर्षांत तर पैसे कुणाला दिले हे मालकांना सांगण्याचीही गरज उरली नव्हती.

यावर काहीजण म्हणतात, मग कंपन्यांच्या देणग्यांवर बंदीच घाला. ते करून झालं आहे. १९६९ मध्ये इंदिरा गांधींच्या सरकारने बंदी घातली, पण पक्षांना खर्चासाठी दुसरा मार्ग दिला नाही आणि खर्चही आवरला नाही. पैसा ब्रीफकेसमधून येऊ लागला. १९८५ मध्ये बंदी उठवावी लागली. मला नुसती बंदी पटत नाही ती यामुळे.

राहिला शेवटचा मुद्दा, मत तुमच्याच हातात असल्याचा. न्यायालयात महान्यायवादींनीही, म्हणजे केंद्र सरकारच्या सर्वोच्च वकिलांनीही, नागरिकांना सगळं काही जाणून घेण्याचा हक्क नाही असं सांगितलं होतं. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी पाच न्यायमूर्तींनी एकमताने उलट निकाल दिला: पक्षाला पैसा कुठून येतो हे कळणं हा मत ठरवण्याचा भाग आहे आणि राज्यघटनेच्या कलम १९(१)(अ) मध्ये, म्हणजे अभिव्यक्ती स्वातंत्र्यात, तो हक्क येतो. महाराष्ट्रात लोकसभेच्या उमेदवाराला ९५ लाख आणि विधानसभेच्या उमेदवाराला ४० लाख खर्चता येतात, पण त्याच्या पक्षाच्या खर्चाला मर्यादाच नाही. पक्षाचा खर्च उमेदवाराच्या हिशेबात धरा, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्ये म्हटलं होतं. संसदेने त्याच वर्षी कायदा बदलून ते पुसून टाकलं. ज्या अपक्ष कार्यकर्तीने दहा वर्षं पाण्यासाठी लढून नाव कमावलं, तिच्यासमोर अमर्याद पैसा उभा राहतो. मतपत्रिकेवर दोघांचीही नावं असतात, पण प्रचारात एकच ऐकू येतं.

आणि कळायचं कधी, हाही प्रश्न आहे. निकालानंतर स्टेट बँकेने माहिती द्यायला ३० जूनपर्यंत मुदत मागितली होती. ती मिळाली असती तर लोकसभेचा निकाल लागून गेल्यावर नावं बाहेर आली असती. ११ मार्चला न्यायालयाने नकार दिला, बँकेने दुसऱ्याच दिवशी माहिती दिली, आणि मतदानाआधी देशाने ती वाचली. हे एकदाच घडलं. आजच्या न्यासांच्या पद्धतीत तसं होत नाही. एप्रिल ते जून २०२४ या काळात, म्हणजे ऐन मतदानात दिलेला पैसा २०२४-२५ च्या हिशेबात आला आणि तो हिशेब लोकांसमोर आला २०२५ च्या शेवटी. त्यातही मोठा न्यास अनेक कंपन्यांकडून घेतो आणि अनेक पक्षांना देतो, त्यामुळे कोणत्या कंपनीचा रुपया कोणत्या पक्षात गेला हे जुळवता येत नाही.

म्हणून मागायचं ते नेमकं मागू या. मोठी देणगी मिळाली की काही दिवसांतच पक्षाने नावासह जाहीर करावी, निवडणूक सुरू असताना तर नक्कीच. पक्षाच्या खर्चाला मर्यादा हवी. देणगीआधी भागधारकांचं मत घ्यावं. सहा राष्ट्रीय पक्ष माहिती अधिकाराखाली येतात, असं केंद्रीय माहिती आयोगाने २०१३ मध्ये ठरवलं, पण एकाही पक्षाने ते पाळलं नाही. तो निर्णय अमलात यावा. यातल्या एका गोष्टीसाठी संसदेची वाट पाहायची गरज नाही: ज्यांच्याकडे शेअर आहेत त्यांनी यंदाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत उभं राहून विचारावं की आपल्या कंपनीने कोणत्या पक्षाला, थेट किंवा न्यासातून, किती पैसे दिले आणि कशासाठी.