हॉर्न कुणासाठी? समर्थ मंदिराच्या कट्ट्यावरची वादावादी

साताऱ्यात समर्थ मंदिराजवळ आमचा कट्टा आहे. कासला निघालेल्या गाड्या आमच्या समोरूनच यवतेश्वरच्या घाटाकडे जातात. फुलांचा हंगाम, त्यात रविवार. रांग जागची हलत नव्हती आणि हॉर्न काही थांबत नव्हते. विषय तिथूनच पेटला.

सुरुवात रिक्षावाल्या भाऊंनी केली. "ही पुण्या-मुंबईची मंडळी आपल्या गावात येऊन कान किटवतात." वकिली करणारे तात्या लगेच म्हणाले, "पाहुण्यांना कशाला नावं ठेवता? सकाळी शाळेच्या वेळेला तुमची रिक्षा आली हे अख्ख्या आळीला कळतं."

भाऊ चिडले. पण त्यांचं म्हणणं नीट ऐकून घेण्यासारखं आहे. "मोती चौकात या माझ्याबरोबर. फूटपाथवर माल, त्याच्या कडेला दुचाक्या, मग माणसं चालणार कुठं? रस्त्यातच. पाठमोरा माणूस मोबाईलवर बोलत बोलत मध्येच वळतो. मी हॉर्न दिला नाही आणि नुसता आरसा घासला, तरी गर्दी जमून पहिला प्रश्न काय करते? हॉर्न का नाही वाजवला? वाजवला म्हणजे निदान माझ्याकडून चूक झाली नाही."

"कायदा असं कुठंही म्हणत नाही," तात्या म्हणाले. "२०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली, त्यात कलम १९४ एफ आलं. गरज नसताना, सतत किंवा सुरक्षिततेपुरता लागतो त्याहून जास्त हॉर्न वाजवला तर पहिल्या वेळी १००० रुपये दंड, पुन्हा सापडलात तर २०००. मनाईचा फलक असेल तिथं वाजवला तरी तोच दंड. हॉर्न दिला म्हणून धडक माफ, असं काही त्यात नाही."

इतका वेळ गप्प बसलेले अण्णा बोलले. एसटीवर ड्रायव्हर म्हणून त्यांची नोकरी घाटातच गेली. "आंधळं वळण आलं की आधी गाडी आटोक्यात घ्यायची. मग एक हॉर्न. मग कान द्यायचा. वरून गाडी येत असेल तर तीही हॉर्न देते, मग कोण थांबणार ते ठरतं. चढणाऱ्याला वाट आधी द्यायची. पण तुम्ही वाजवतच राहिलात तर समोरच्याचा हॉर्न ऐकणार कोण?"

माझ्या मते सगळ्या वादाचं उत्तर एवढ्यात आलं. अण्णांच्या सांगण्यात वेग कमी करणं पहिलं आहे, हॉर्न दुसरा आणि ऐकणं तिसरं. गावात आपण पहिलं आणि तिसरं सोडून दिलं. पाय ॲक्सिलरेटरवरच ठेवून अंगठा हॉर्नवर दाबला, तर पुढच्याला तो इशारा वाटत नाही, दमदाटी वाटते.

भाऊंना मी मोती चौकातलंच उदाहरण दिलं. पिशवी घेऊन एक आजी रस्ता ओलांडत होत्या. मागून दुचाकीचा लांबलचक हॉर्न आला. अरुंद रस्ता, दोन्ही बाजूंना दुकानं, आवाज भिंतींवर आपटून घुमतो. कुठल्या बाजूनं आला ते त्यांना कळेना. त्या दचकून एक पाऊल मागं आल्या, नेमक्या दुचाकीच्या वाटेत. पोरानं करकचून ब्रेक मारला म्हणून निभावलं. हॉर्नमुळं त्या चाकासमोर आल्या होत्या आणि वाचल्या त्या ब्रेकमुळं. तोच ब्रेक चार हात आधी लागला असता तर हॉर्नची गरजच नव्हती.

भाऊ म्हणाले, "आणि ब्रेक लावला की मागचा माझ्या डोक्यावर हॉर्न वाजवतो, त्याचं काय?" हे खरं आहे. निम्मे हॉर्न असे एकाकडून दुसऱ्याकडे सरकत जातात. रांगेतल्या सर्वांत मागच्याला पुढं काय अडलंय ते दिसत नाही, तरी तो वाजवतो.

पार्सलं पोचवणाऱ्या बारक्यानं मुंबईचा दाखला काढला. २०२० च्या जानेवारीत मुंबई पोलिसांनी व्हिडिओ काढला होता, आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेला. सिग्नलला आवाज मोजायचं यंत्र जोडलं; ८५ डेसिबलच्या वर गोंगाट गेला की लाल दिव्याचे आकडे पुन्हा पहिल्यापासून सुरू. बारक्याला ही युक्ती फार आवडलेली. अण्णांना अजिबात नाही. "वाजवणारे चार आणि अडकणारे चाळीस. त्यात ॲम्ब्युलन्स असली तर?" मला अण्णांचं पटतं. लोकांना विचार करायला लावायला ती युक्ती उत्तम, पण रोजची व्यवस्था म्हणून चालणार नाही.

"रस्तेच अरुंद आहेत, करणार काय" हे भाऊंचं पालुपद मात्र मला मान्य नाही. मिझोरामचं ऐजॉल डोंगरउतारावर वसलेलं शहर आहे, रस्ते चढउताराचे, वळणांचे आणि चिंचोळे. तिथं लोक हॉर्न न वाजवता गाड्या चालवतात, म्हणून त्या शहराचं नाव देशभर झालं. चारचाकी एका रांगेत, दुचाक्या आपल्या कडेनं, आणि पुढं घुसायचं नाही. रस्ता अरुंद असेल तर रांग मोडायची नाही, एवढं त्यांनी पाळलं.

सिस्टरताई ड्युटीवर जाता जाता थांबल्या होत्या. "दवाखान्यापाशी तरी दया करा," त्या म्हणाल्या. "हाताला पट्टा बांधून, कानात स्टेथोस्कोप घालून बीपी घेत असते, तेवढ्यात खिडकीखाली हॉर्न. ठोके ऐकूच येत नाहीत. पट्टा सोडायचा, पेशंटला धीर द्यायचा, पुन्हा फुगवायचा." रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्या भोवतीचा १०० मीटरपर्यंतचा भाग शांतता क्षेत्र म्हणून ठरवण्याची तरतूद २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत आहे. रात्री १० ते सकाळी ६ राहत्या वस्तीत हॉर्न नको, असं सर्वोच्च न्यायालयानं २००५ सालीच सांगितलं. पहाटे साडेपाचला दारात येऊन "चला लवकर" म्हणून हॉर्न मारणाऱ्या प्रत्येकानं हे लक्षात ठेवावं. खाली उतरून बेल दाबा, फोन करा.

शेवटी प्रश्न आला तो अंमलबजावणीचा. "पोलीस पकडणार कसे? आवाज तर हवेत विरून जातो," बारक्या म्हणाला. तात्यांनी याला चांगली वाट दाखवली. विनाकारण वाजवलेला हॉर्न त्या क्षणीच पकडावा लागतो, पण प्रेशर हॉर्न आणि एकामागून एक वेगवेगळे सूर काढणारे हॉर्न गाडीवरच बसवलेले असतात. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या ११९ व्या नियमानं ते खासगी गाड्यांना आधीच बंद आहेत. मुभा आहे ती ॲम्ब्युलन्स, अग्निशमन, पोलीस अशांनाच. गाडी उभी असतानाही तपासून ते काढून घेता येतात. सुरुवात तिथून करावी, असं माझंही ठाम मत आहे.

भाऊंनी एवढं मान्य केलं. "प्रेशर हॉर्नवाल्यांना सोडू नका. पण मोती चौकात मी गप्प चालवावी असं वाटत असेल तर आधी माणसांना चालायला फूटपाथ मोकळा करून द्या." ही अट रास्त आहे. म्हणून फूटपाथ आणि दवाखान्यासमोरचे फलक, दोन्हींचा मिळून एकच अर्ज तात्या लिहिताहेत. पहिली सही भाऊंची घ्यायची ठरलंय, आणि शाळेसमोर हॉर्न बंद ठेवायचं त्यांनी सिस्टरताईंना तिथल्या तिथं कबूल केलंय.