रंगवलेली हत्यारे आणि छातीठोक अंदाज

विमानाच्या पत्राकामाची जुनी हत्यारे वजनावर विकणाऱ्या व्यापाऱ्यांना एकच सांगणे आहे: हातातली वस्तू कशाची आहे हे ठाऊक नसेल, तर ती निदान आली तशी राहू द्यावी. सांगलीत कुपवाड एमआयडीसीत आमचे लहानसे शेड आहे. अॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्याची कव्हरे आणि डक्ट आम्ही बनवतो, आणि त्या कामाला ही हत्यारे फार सोयीची पडतात, म्हणून लिलावातून आलेली एक पेटी मी घेतली. घरी आणून उघडली, तर आतील झाडून सगळ्या वस्तूंना चकचकीत निळा रंग फासलेला!

क्लेको पाहून तर डोक्यात तिडीक गेली. दोन पत्र्यांची भोके एकावर एक जुळवल्यावर रिव्हेट, म्हणजे पत्रे कायमचे जोडणारा धातूचा खिळा, बसेपर्यंत ते पत्रे हलू न देणारी ही स्प्रिंगची खिट्टी असते आणि तिचे माप रंगावरून ओळखायचे असते: चांदीच्या रंगाची ३/३२ इंची भोकासाठी, तांब्याच्या रंगाची १/८ साठी, काळी ५/३२ साठी आणि पितळी ३/१६ साठी. अडचणीच्या जागी वाकून काम करणाऱ्या कारागिराला दर वेळी माप काढत बसावे लागू नये, म्हणून कोणीतरी विचारपूर्वक केलेली ही व्यवस्था आमच्या व्यापारीमहाशयांनी स्प्रेच्या एका डब्यात पुसून टाकली. कात्र्यांचीही तीच गत. लाल मुठीची डावीकडे वळत कापते, हिरवी उजवीकडे आणि पिवळी सरळ, हे पत्राकाम करणारे पोरही जाणते. आता तिन्ही निळ्या. जाब विचारला तेव्हा उत्तर मिळाले की, माल दाखवण्याजोगा व्हायला नको का? आता मी पट्टीत चारही मापांची भोके पाडून एकेक क्लेको घालून पाहत बसलो आहे, आणि रंग आत शिरून ज्यांच्या स्प्रिंगा चिकटल्या आहेत त्या तर भोकात जायलाही तयार नाहीत.

रंग एक वेळ खरवडून काढता येईल, पण तोडलेल्या जोड्यांचे काय करायचे? चपट्या डोक्याचा रिव्हेट पत्र्याच्या पातळीत बसावा म्हणून पातळ पत्र्यालाच खळगा पाडतात, आणि त्यासाठी डिंपल डायची नर-मादी जोडी लागते. विमानाच्या कामात या खळग्याचा कोन १०० अंशांचा असतो. बाजारात सहज मिळणारे काउंटरसिंक, म्हणजे भोकाचे तोंड उतरते कापणारे कटर, ८२ किंवा ९० अंशांचे असतात, त्यामुळे तेथे भलताच तुकडा चालवून घेता येत नाही. या गृहस्थांनी नर डाय ‘पंच’ म्हणून मला दिले आणि मादी डाय ‘बुश’ म्हणून दुसऱ्या कोणाला विकून टाकले. खोली हजारांश इंचाच्या टप्प्यांनी बदलता येणाऱ्या काउंटरसिंकचा पिंजरा माझ्याकडे आला आहे, पण त्यातला कटर ड्रिलच्या ढिगात गेला. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत एखाद्या कारागिराच्या हत्यारांची कोणी अशी वाटणी केली असती, तर त्याला गल्लीच्या टोकापर्यंत पोचू दिले नसते.

त्यानंतर सुरू होतात शेजारच्या शेडमधील जाणकारांचे अंदाज. ओळखू न येणे हा गुन्हा नव्हे. पण ‘माहीत नाही’ हे दोन शब्द उच्चारायला या मंडळींना एवढे जड का जावे, हे मला कळत नाही. रिव्हेटांचे अंतर एकसारखे आखण्यासाठी असलेली, जाळीसारखी उघडमीट करणारी पट्ट्यांची साखळी एकाने कपडे वाळत घालायची म्हणून जाहीर केली. एका टोकाला जोडलेल्या दोन पोलादी पट्ट्या, एकीवर बारीक खुंटी आणि दुसरीवर नेमके तिच्या समोर भोक, अशा हत्याराला दुसऱ्याने चिमटा ठरवले. वस्तुतः वरच्या पत्र्याने झाकलेले खालचे भोक खुंटीने शोधायचे आणि वरच्या पत्र्यात बरोबर त्याच जागी ड्रिल उतरवायचे, इतके हुशार हत्यार आहे ते. मोबाइलवर फोटो टाकून शोधले, तर दातांच्या डॉक्टरांची उपकरणे समोर येतात.

सर्वांत जास्त हाल बकिंग बारचे झाले. रिव्हेट गन एका बाजूने ठोकत असताना रिव्हेटच्या दुसऱ्या टोकाशी दाबून धरायचा हा पोलादी ठोकळा असतो; १/८ इंची रिव्हेटला साधारण ३ ते ४ पौंडांचा लागतो आणि त्याचे तोंड आरशासारखे गुळगुळीत असावे लागते, कारण त्यावरचा प्रत्येक ओरखडा रिव्हेटवर उमटतो. ‘नुसता लोखंडाचा तुकडा’ समजून आमच्याच शेजाऱ्याने त्यावर खिळे सरळ केले. गनमध्ये बसणाऱ्या रिव्हेट सेटला छिन्नी समजून दुसऱ्याने ग्राइंडरवर धार लावून दिली, तीही मला न विचारता, उपकार म्हणून! त्याच्या दांड्याला आधी व्हर्नियर लावला असता तर ०.४०१ इंच हे माप मिळाले असते, आणि एवढ्या एका आकड्यावरून ती वस्तू रिव्हेट गनची आहे हे समजले असते. व्हर्नियर शेजारच्याच टेबलावर पडला होता.

उरलेल्या मादी डाय कोणाला विकल्या, एवढे तरी सांगा, म्हणून मी व्यापाऱ्यांना फोन केला. ते त्यांना आठवत नव्हते. उलट, तसलीच आणखी एक पेटी आली आहे आणि या खेपेस रंगाचे दोन हात दिले आहेत, अशी आनंदाची बातमी त्यांनी मला दिली.