जेम बदलला, की स्काउट मागे राहिली?

'टू किल अ मॉकिंगबर्ड'वरून काल कट्ट्यावर चांगलीच जुंपली. वकिलाचं म्हणणं, १९६०ची ही कादंबरी खटल्याची आहे, अलाबामातल्या वर्णद्वेषाची. त्यात भावंडांचं काय घेऊन बसलात?

मास्तर उसळले. "अरे, सगळं सांगतंय कोण? धाकटी बहीण, स्काउट! आणि सुरुवात कुठून, तर भावाचा, जेमचा हात मोडला तिथून."

"मला तो भाऊच पटत नाही," ताई म्हणाली. "शाळेच्या पहिल्याच दिवशी बजावतो, तू तुझ्या पहिलीत राहा, मी माझ्या पाचवीत. पुढे बारा वर्षांचा झाला, तर म्हणे आता मुलीसारखी वाग. आणि त्यांचा दोस्त डिल घरातून पळून येऊन स्काउटच्या पलंगाखाली लपतो, तेव्हा हा थेट वडिलांना हाक मारतो. पोरांतली गोष्ट मोठ्यांच्या कानावर घातली त्यानं!"

"तिकडे त्या पोराची आई काळजीत असेल, हे तिघांत त्याला एकट्यालाच सुचलं," मास्तर म्हणाले. "आणि त्याच रात्री, थोडं आधी, हाच जेम बहिणीशी गुद्दागुद्दी करत होता, हे विसरू नकोस."

मला हेच फार खरं वाटतं. वय असं एका रात्रीत दोन्हीकडे असतं.

वकील मात्र खटला सोडेना. टॉम रॉबिन्सन या निरपराध काळ्या माणसाला दोषी ठरवल्यावर जेम रडतो. पुढे स्काउट कोर्टाचा विषय काढते, तर तिची कॉलर धरून गदागदा हलवतो. "खटल्यानंच बदलला तो."

मान्य. पण तो बदल कुठे दिसतो, तर एका किड्यापाशी. हात लावला की गोळी होऊन बसणारा तो किडा. स्काउट चिरडायला हात उगारते, जेम अडवतो. का? तर तो तुझ्या वाटेला गेलेला नाही. टॉमचं नाव न घेता तो टॉमबद्दलच बोलतोय, असं मी म्हणालो. स्काउटला मात्र वाटतं, आता हाच दिवसेंदिवस मुलीसारखा व्हायला लागलाय!

आणि शेवटी? चार वर्षांनी मोठा, सगळं आधी कळणारा जेम हल्ल्यात जखमी होऊन बेशुद्ध पडलाय. दोघांना वाचवणाऱ्या, एरवी घराबाहेर न पडणाऱ्या शेजाऱ्याला, बू रॅडलीला घरी पोचवते स्काउट. तेही त्याचा हात धरून ओढत नाही. त्याला कोपर वाकवायला लावते आणि त्यात आपला हात घालते. शेजारच्या बाईंनी पाहिलं, तर त्यांना दिसावं की हा गृहस्थ रुबाबात मुलीला घेऊन चाललाय. किडा वाचवणाऱ्या भावाचीच ही बहीण.

"ते ती बापाकडून शिकली," ताई म्हणाली. "ॲटिकसकडून."

"बाप दोघांनाही सांगतच होता," मी म्हणालो. "पण सांगितलेलं अंगी लागताना तिनं जवळून पाहिलं ते जेमला."