मंगळावरचे 23 किलो

हा मेसेज आठवडाभरात तीनदा माझ्याकडे आला. तिसऱ्यांदा हर्णैहून मावशीने पाठवला: ‘60 किलोचा माणूस मंगळावर 23 किलोचा होतो, कारण मंगळ सूर्यापासून लांब आहे. तिथे लठ्ठपणा नाही, गुडघेदुखी नाही. दगड फुलासारखा हलका. माणूस पाण्यावर कापसासारखा तरंगतो. वादळात घरंच्या घरं उडतात.’ खाली तिचा प्रश्न, ‘खरं काय रे?’ मावशीचे गुडघे बरीच वर्षं दुखतायत. तिने आशेने विचारलंय, म्हणून नीट लिहितो.

23 चा आकडा बरोबर आहे. मंगळाचं गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या साधारण 38 टक्के. पण त्याचं कारण साफ चुकीचं दिलंय. बुध सूर्याच्या सगळ्यांत जवळ, तरी तिथेही वजन 23 किलोच भरेल. गुरू मंगळाहून कितीतरी लांब, आणि तिथली ओढ पृथ्वीच्या जवळजवळ अडीचपट. ग्रहात माल, म्हणजे वस्तुमान, किती आणि त्याच्या केंद्रापासून आपण किती अंतरावर, यावर वजन ठरतं. मंगळाचं वस्तुमान पृथ्वीच्या एक दशांशाहून किंचित जास्त. नुसतं तेवढंच धरलं तर 60 चे सहा-साडेसहा किलो व्हायला हवेत. पण त्याची त्रिज्याही पृथ्वीच्या निम्म्याहून किंचितच जास्त, म्हणजे आपण केंद्राच्या जवळ. अंतर निम्मं झालं की ओढ चौपट होते; इथे निम्म्याहून जरा जास्त, म्हणून साधारण साडेतीनपट. दोन्ही धरून 23 येतात.

‘दगड फुलासारखा’ इथे खरा घोळ आहे. किलोभर सुरमई मंगळावर डिजिटल काट्यावर ठेवली तर सुमारे 380 ग्रॅम दिसेल. तीच जुन्या तागडीत घाला, दुसऱ्या पारड्यात किलोचं माप टाका, दांडी सरळच राहील, कारण मापही तेवढंच हलकं झालं. सुरमईची एक तुकडीही कमी झालेली नाही. काटा ओढ मोजतो, तागडी माल मोजते.

आणि माल तेवढाच असला की त्याचा धक्काही तेवढाच. बंदरात बघा. तरंगत्या होडीचा भार पाण्याने पेललेला असतो, एकटा माणूस दोरीने तिला हळूहळू ओढून आणतो. पण लाटेबरोबर तीच होडी धक्क्यावर येताना मध्ये पाय सापडला तर हाड मोडतं. धक्क्याच्या कडेला टायर उगाच टांगत नाहीत. मंगळावरचा दगड उचलायला सोपा जाईल, पण इथल्याच वेगाने अंगावर आला तर इथल्याइतकाच लागेल.

कापसासारखं तरंगणंही होणार नाही. माणूस हलका होईल तसं पाणीही हलकं होईल. इथली होडी तिथल्या पाण्यात सोडली तर पाणी त्याच फळीपर्यंत चढेल. पण सोडायची कुठे? तिथल्या हवेचा दाब आपल्या शंभराव्या हिश्शाहूनही कमी, त्यामुळे पाणी गोठणबिंदूच्या आसपासच उकळायला लागतं.

वादळाचं तर उलटंच आहे. 3 जून 2020 ला ‘निसर्ग’ वादळात ताशी 110 किलोमीटरच्या वाऱ्याने दापोली-मंडणगडकडचे माड-पोफळी आडवे केले. मंगळाची हवा साठपट विरळ. तोच वेग तिथे आपल्या ताशी 14-15 किलोमीटरच्या वाऱ्याएवढाच जोर लावेल, फार तर झावळ्या हलतील. तिथे भीती धुळीची. 2018 च्या धुळीच्या वादळाने सूर्य झाकला, सौर पट्ट्यांना ऊन मिळेना आणि ‘ऑपॉर्च्युनिटी’ ही मंगळावर फिरणारी यांत्रिक गाडी कायमची गप्प झाली.

आता गुडघे. मावशी, चरबी तेवढीच राहील, कमरेचा घेरही. ओझं कमी झालं की हाडंही झिजतात. अंतराळ स्थानकात, जिथे वजन जाणवतच नाही, तिथे कंबरेच्या हाडांची घनता महिन्याला एखादा टक्का कमी होते, म्हणून ते लोक रोज दोनेक तास व्यायाम करतात. आणि मंगळावर साडी नेसून फिरता येणार नाही, दाबाचा पोशाख लागेल. अपोलोच्या चांद्रयात्रींचा पोशाख पाठीवरच्या यंत्रासकट पृथ्वीवर 80 किलोहून जड होता. तसाच तू घातलास तर तुझे 60 आणि त्याचे 80 मिळून 140, त्याचे 38 टक्के म्हणजे 53. तुझ्या गुडघ्यांवरचा भार जेमतेम 7 किलोंनी उतरेल.