‘गावात आता चालतंय कोण?’ : फिरत्या मेसेजला उत्तर

आमच्या ऊसपट्ट्यात गेला महिनाभर एक मेसेज या ग्रुपवरून त्या ग्रुपवर हिंडतोय. लिहिणाऱ्याचं नाव नाही. शेवटी हात जोडलेले आणि ‘पटलं तर पुढे पाठवा’. मजकूर थोडक्यात असा: ग्रामपंचायती आता विकास आराखड्यात पायी चालायच्या आणि सायकलीच्या वाटा घालायला निघाल्यात, हे शहरातलं खूळ आहे. गावात पायी कोणी चालत नाही. वाटांसाठी शेतकऱ्याची जमीन जाणार, गटारीचे पैसे जाणार. त्यापेक्षा आहे तो डांबरी रस्ता रुंद करा, सगळ्यांचीच सोय होईल. आणि शेवटची फोडणी: ‘वाटा मागणाऱ्यांनी आधी स्वतः चालून दाखवावं.’

माझ्या चुलत्यांनी मला हा दोनदा पाठवला. दुसऱ्या वेळी नुसतं ‘वाच’ असं लिहून. वाचला नाना. आता माझं ऐका.

‘घरटी दोन मोटरसायकली झाल्या, चालतो कोण?’

मोटरसायकल घराची असते, पण किल्ली एकाच्या खिशात असते. सकाळी ती एमआयडीसीच्या पाळीला नाही तर डेअरीवर गेली की घरी उरतात त्या आजी, सून आणि शाळेला निघालेली पोरं. भांगलणीच्या टोळीला जाणाऱ्या बायका पायी जातात. एसटीच्या थांब्यापर्यंत पायीच जावं लागतं. दवाखान्याला निघालेला म्हातारा कोणीतरी मागं बसवून घेईल म्हणून रस्त्याकडेला उभा राहतो, आणि नाहीच कोणी थांबलं तर तोही चालतो.

२०११ च्या जनगणनेत लोक कामाला कशानं जातात हा प्रश्न होता. देशभरातल्या सुमारे २० कोटी लोकांची उत्तरं आली. त्यातले साडेचार कोटी पायी आणि अडीच कोटींहून जास्त सायकलनं जाणारे निघाले. आकडा जुना आहे आणि तेव्हापासून गाड्या वाढल्या, हे मान्य. पण गंमत पुढं आहे. हा प्रश्न विचारला होता फक्त ‘इतर कामगारां’ना. शेतकरी आणि शेतमजूर त्यातून वगळलेले. म्हणजे बांधाबांधानं रानात जाणारी माणसं या हिशेबात आलीच नाहीत, आणि मेसेजवाले म्हणतात गावात कोणी चालत नाही!

आता पोरांचं बघू. शिक्षण हक्काच्या नियमांप्रमाणे पहिली ते पाचवीची शाळा एका किलोमीटरच्या आत आणि आठवीपर्यंतची तीन किलोमीटरच्या आत असायला हवी. नववीपासून पुढं हायस्कूल जिथं असेल तिथं जायचं. दहावीतल्या पोराच्या हातात गाडी द्यायची तर कायदा आडवा येतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन पोरानं गाडी चालवून गुन्हा केला, तर पालकाला किंवा गाडीमालकाला २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मग राहतात एसटी, पाय आणि सायकल. सरकारलाही हे माहीत आहे. मानव विकास कार्यक्रमातल्या १२५ तालुक्यांत शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या, आठवी ते बारावीतल्या गरजू मुलींना सायकल मिळते. सायकल देणारं खातं वेगळं आणि रस्ता करणारं वेगळं, त्यामुळे ती चालवायची कुठून हे कोणाच्याच टेबलावर येत नाही.

सायकलीनं काय होतं हे बघायला बिहारकडं बघा. तिथं २००६ मध्ये नववीतल्या मुलींसाठी सायकल योजना सुरू झाली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थतज्ज्ञांनी तिचा अभ्यास केला. माध्यमिक शाळेत वेळच्या वयात नाव घालणाऱ्या मुलींचं प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढलं, आणि वाढ मुख्यतः शाळा लांब असलेल्या गावांत झाली. अंतर हीच अडचण होती, असा त्याचा अर्थ. आमच्याकडं ‘पोरगी पुढं शिकली नाही’ म्हणतात, त्यातल्या कितीजणींची वाट अडली होती ते कधी विचारलं जात नाही.

‘हे शहराचं, परदेशाचं खूळ आहे’

इथं मेसेज अर्धा बरोबर आहे, तेवढं कबूल करतो. डांबरावर हिरवा पट्टा मारून त्यावर सायकलीचं चित्र काढायचं आणि फीत कापायची, हे गावात चालणार नाही. पुण्यातच त्या ट्रॅकवर गाड्या उभ्या असतात आणि वडापावचे गाडे लागतात. गावात तिथं कडब्याची गंजी बसेल. असला ट्रॅक कोणी मागत असेल तर त्याला मीही विरोध करीन.

पण चालायची वाट हे परदेशी खूळ? कोकणातल्या पाखाड्या, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटा, कोणी परदेशातून आणल्या? पावसाळ्यात वहाळ ओलांडायला साकव बांधतात, तो मोटारीसाठी नसतो. पाणंद, शिवरस्ता, पायमार्ग, बैलवाट असे शब्द आपल्याकडे आहेत, कारण त्या गोष्टी होत्या. आणि पायी चालणाऱ्यांसाठी आखणी सरकारलाही करता येते. आळंदी आणि देहूहून पंढरपूरला जाणाऱ्या पालखी मार्गांच्या चौपदरीकरणाची पायाभरणी नोव्हेंबर २०२१ मध्ये झाली, त्या आराखड्यातच वारकऱ्यांसाठी कडेनं वेगळा पदपथ धरलेला आहे. वर्षातून एकदा चालणाऱ्यांसाठी सुचतं, ते रोज चालणाऱ्यांसाठी सुचायला हरकत नसावी.

‘शेतकऱ्याचा गुंठा गुंठा जाणार’

मेसेज पसरला तो या एका वाक्यामुळं. जमीन म्हटलं की आमच्याकडं भाऊ भावाला ओळखत नाही, तिथं पायवाटेला कोण विचारतो? म्हणून इथं जरा सावकाश जाऊ.

गावाचा जुना नकाशा भूमी अभिलेख कार्यालयात मिळतो. तो काढून पसरा. त्यावर दुबार तुटक रेषा दिसतील, ते गाडीमार्ग. एकेरी तुटक रेषा दिसतील, ते पायमार्ग. गाडीमार्ग साडेसोळा ते एकवीस फुटांचे धरलेले, पायमार्ग सव्वाआठ फुटांचा. हे विचित्र आकडे कुठून आले? जुन्या मोजणीची साखळी ३३ फुटांची आणि तिचे आणे सोळा. आठ आणे म्हणजे साडेसोळा फूट, चार आणे म्हणजे सव्वाआठ. साखळी गुणिले साखळी केली की १०८९ चौरस फूट, म्हणजेच आपला गुंठा. तेव्हा मोजणी करणाऱ्यानं माणसाला चार आणे आणि गाडीला आठ आणे वाट आधीच सोडून ठेवली होती.

त्या वाटांखालचं क्षेत्र पोटखराबात, म्हणजे लागवडीला न येणाऱ्या जमिनीत दाखवलेलं असतं, त्यावर आकारणी नसते. म्हणजे बहुतेक ठिकाणी नवी जमीन घ्यायचा प्रश्नच येत नाही. आहे ती वाट नांगराच्या एकेका तासानं गिळली गेली आहे, तेवढी मोकळी करायची आहे. दरवर्षी वीतभर. बांध सरकतो, त्यावर करंज आणि घाणेरी वाढते, मग कोणीतरी ठिबकची मुख्य पाइप आडवी टाकतो, आणि एक दिवस नव्या सुनेला कोणी सांगतच नाही की इथून वाट होती.

सव्वाआठ फुटांच्या वाटेचा गुंठा होतो १३२ फुटांवर. म्हणजे ज्याच्या बांधाशेजारून १३२ फूट वाट जाते, त्याच्याकडं फार तर एक गुंठा अडकलाय, आणि तोही बहुतेक त्याचा नाहीच. त्या गुंठ्याचा ऊस किती येतो हे ज्याचं त्यानं पाहावं. पण ती वाट बुजली म्हणून त्याच्याच ट्रॉलीला चिखलात दुसरा ट्रॅक्टर जोडावा लागतो, तो खर्चही त्याच कागदावर मांडावा.

आणि ज्यांची वाट अडली त्यांच्यासाठी कायदा आजचा नाही. १९०६ च्या मामलेदार कोर्ट अधिनियमाच्या कलम ५ खाली वहिवाटीच्या रस्त्यातला अडथळा तहसीलदार काढू शकतात, मात्र अर्ज अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांत करावा लागतो. वाट मुळातच नसेल तर जमीन महसूल संहितेचं कलम १४३ आहे, बांधावरून जाण्याचा हक्क त्याखाली मागता येतो. मे २०२५ मध्ये शासनानं शेतरस्ता शक्यतो तीन ते चार मीटर असावा आणि त्याची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कांत घ्यावी असा निर्णयही काढला. आता खरं सांगायचं तर तहसीलच्या फेऱ्यांनी वाट मोकळी होण्यापेक्षा पारावर बसून लवकर होते. पण पारावर बसताना नकाशाची प्रत हातात असली की आवाज आपोआप खाली येतो.

‘डांबरी रस्ता रुंद करा, सगळ्यांचीच सोय’

हा मुद्दा ऐकायला सगळ्यात शहाणा वाटतो आणि त्यातच सगळ्यात मोठी चूक आहे.

ग्रामीण रस्त्याचा प्रमाण आडवा छेद पाहा. सपाट मुलखात एकूण रुंदी साडेसात मीटर, त्यात डांबर पावणेचार मीटर. बाकीचे पावणेचार मीटर कशासाठी? साईडपट्टीसाठी, दोन्ही बाजूंना मिळून. म्हणजे जेवढं डांबर तेवढीच मुरमाची पट्टी. चालणारी बाई, सायकलवरची पोरगी, दोरी धरून म्हैस नेणारा म्हातारा यांचा रस्ता तो आहे. कागदावर तो प्रत्येक गावाला आधीच मिळालेला आहे.

जागेवर काय आहे? डांबराचे थर एकावर एक चढत गेले, साईडपट्टी मात्र भरलीच नाही. त्यामुळं डांबराच्या काठाला वीतभर खाच पडली. समोरून ट्रॉली आली की सायकलवाल्यानं खाली उतरायचं, आणि उतरताना चाक खाचेत अडकून पडायचं. खाली उतरलं तरी वेडी बाभूळ, शेणाचा उकिरडा आणि कोणाच्या तरी घराच्या बांधकामाची खडी. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून कारखाने सुरू झाले की त्याच रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर, कित्येकांना मागं रिफ्लेक्टर नाही, आणि दोन्ही कडांना डोक्याच्या वर गेलेला ऊस. वळणापलीकडचं काही दिसत नाही.

अशा रस्त्याचं नुसतं डांबर रुंद केलं तर पहिली गोष्ट होते ती साईडपट्टी खाल्ली जाते. दुसरी, वेग वाढतो. ताशी ४० ची गाडी ६० वर गेली की वेग दीडपट होतो, पण धडकेची ताकद सव्वादोनपट. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांवर माणसं गेली, त्यातली सुमारे दोनतृतीयांश ग्रामीण भागात. नुसते पायी चालणारे ३२ हजारांवर. आणि आमच्याकडं लोक म्हणतात, ‘एवढ्याशा गावात कसले अपघात?’

रुंद रस्त्याला माझा विरोध नाही. उसाला, दुधाला, रुग्णवाहिकेला तो लागतोच. पण काम मंजूर होताना अंदाजपत्रकात साईडपट्टीचा मुरूम, त्यावर रोलर आणि कडेची झुडपं काढणं धरलंय का, आणि बिल निघायच्या आधी ते जागेवर झालंय का, हे ग्रामसभेनं विचारायला हवं. शाळेपुढं आणि एसटी थांब्याजवळ पट्टे मारलेला गतिरोधक आणि एक चालू दिवा, एवढं जरी झालं तरी गावातल्या निम्म्या वाटेचं काम होतं.

‘पैसा कुठून? आधी गटार करा’

गटारीचा पैसा वेगळाच आहे. मार्च २०२६ पर्यंतच्या पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधील होता, ४० टक्के अबंधित, म्हणजे गावाच्या गरजेप्रमाणे खर्चायचा. वाट अबंधित निधीतून होते, म्हणून त्यापायी गटार अडत नाही. पाणंदीच्या मातीकामासाठी २०२१ पासून मातोश्री ग्रामसमृद्धी योजना होती, ती रोजगार हमीला जोडलेली. आणि रोजगार हमीवर रस्ता करणं महाराष्ट्राला नवं आहे का? १९७२ च्या दुष्काळात माणसांनी खडी फोडून केलेल्या रस्त्यांवरच आज डांबर आहे. त्या खडीच्या कामावर गेलेली माणसं अजून गावागावांत आहेत.

‘आधी स्वतः चालून दाखवा’

हे मात्र पटलं. म्हणून एका रविवारी सकाळी आम्ही चौघं निघालो. मी, अंगणवाडीच्या ताई, नववीतली एक पोरगी सायकल घेऊन, आणि बरोबर नको म्हणत असताना आलेले नाना. मळ्यातल्या वस्तीपासून हायस्कूलपर्यंत जुन्या पायमार्गानं जायचं ठरवलं. नकाशाची झेरॉक्स हातात.

वाट बहुतेक शाबूत निघाली. तीनच जागी अडलो. एका बांधावर काट्याची फांदी टाकलेली होती, ती त्या शेतकऱ्यानं स्वतःच बाजूला ओढलं, ‘डुकरासाठी टाकलंय’ म्हणत. दुसऱ्या जागी वाट उसात गेली होती, सरीसकट. तिसरी जागा ओढा. तिथं पूर्वी फरशी पूल होता, तो वाहून गेला आहे, आता दगडावरून उड्या मारायच्या. पोरीनं सायकल खांद्यावर घेतली. पलीकडं गेल्यावर नानांनी वळून ओढा पाहिला आणि म्हणाले, “दोन सिमेंटचे पाइप टाकले तरी भागेल की रे.”

उसात गेलेली ती वाट ज्यांच्या रानातून जाते, ते नानांचेच मेहुणे आहेत. दोन ऑक्टोबरच्या ग्रामसभेला बोलणार आहेत म्हणे.