"ग्रेड १ म्हणजे नॉर्मल": फिरत्या मेसेजला उत्तर

फॅटी लिव्हरवरचा एक मेसेज सध्या या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरतोय. "फॅटी लिव्हर हा आजारच नाही, सोनोग्राफीवाल्यांनी काढलेलं खूळ आहे" अशी त्याची सुरुवात. खाली सात-आठ ठाम वाक्यं, आणि शेवटी २१ दिवसांत लिव्हर "धुऊन" देणारा ज्यूस. मला तो तिघांनी पाठवला. माझ्याही रिपोर्टवर "फॅटी लिव्हर" हे दोन शब्द आलेत हे तिघांना ठाऊक आहे. धीर द्यावा, एवढाच त्यांचा हेतू. एकेकाला उत्तर देत बसण्यापेक्षा इथेच लिहितो.

"तिघांमागे एकाला असतं. इतकं सर्रास आहे म्हणजे नॉर्मलच."

आकडा जवळपास बरोबर आहे. जगातल्या प्रौढांपैकी साधारण ३० टक्के लोकांच्या यकृतात जास्तीची चरबी आहे. पण सर्रास असणं वेगळं आणि निर्धोक असणं वेगळं. उच्च रक्तदाबही जवळपास तितक्याच लोकांना असतो, म्हणून त्याला कोणी नॉर्मल म्हणत नाही.

एक गोष्ट मात्र मेसेजच्या बाजूने मान्य करायला हवी. फॅटी लिव्हर असलेल्या बहुसंख्य लोकांना सिरोसिस, म्हणजे वणांनी भरून गेलेलं यकृत, कधीच होत नाही. "आता लिव्हर सडणार" असं घाबरवणारे मेसेजही फिरतात, ते याच्याइतकेच खोटे. गोम अशी की धोका फक्त लिव्हरपुरता मोजला की तो लहान दिसतो. अशा रुग्णांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला तेव्हा मृत्यूच्या कारणांत पहिला नंबर हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या विकारांचा लागला, त्याखालोखाल इतर अवयवांच्या कर्करोगांचा. यकृताची पाळी त्यानंतर येते.

याला कारण आहे. चरबीने भरलेलं यकृत इन्सुलिनला जुमानत नाही. आपण उपाशी झोपलेलो असतानाही ते रक्तात साखर सोडत राहतं, ट्रायग्लिसराइड या चरबीने लादलेले कण बाहेर ढकलत राहतं, आणि त्यातच चांगलं कोलेस्टेरॉल घसरतं. फॅटी लिव्हर असलेल्यांत टाइप २ मधुमेह होण्याचा धोका इतरांच्या साधारण दुप्पट आढळतो, मूत्रपिंडाच्या जुनाट विकाराचा सुमारे दीडपट. २०२३मध्ये या आजाराचं नाव बदललं. जुन्या नावात "नॉन-अल्कोहोलिक" होतं, म्हणजे काय नाही एवढंच सांगणारं. नव्या नावात "मेटाबॉलिक", म्हणजे चयापचयाशी निगडित, हा शब्द आला. ही सगळ्या शरीराच्या कारभाराची तक्रार आहे; ती पहिल्यांदा दिसते यकृतात, इतकंच.

"ग्रेड १ म्हणजे काही नाही. ग्रेड ३ झाला की बघू."

हे वाक्य मला सगळ्यात घातक वाटतं, कारण माझाही गैरसमज नेमका हाच होता. ग्रेड १, २, ३ या पायऱ्या आहेत आणि आपण अजून पहिल्याच पायरीवर उभे आहोत, असं मी धरून चाललो होतो.

सोनोग्राफीतला ग्रेड म्हणजे यकृत पडद्यावर किती उजळ दिसतं त्याची प्रतवारी. शेजारच्या मूत्रपिंडापेक्षा थोडं उजळ असेल तर १. त्या उजळपणात आतल्या रक्तवाहिन्यांच्या कडा पुसट झाल्या तर २. मागचं श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांमधला पडदाही, दिसेनासं झालं तर ३. यातून चरबीचा अंदाज येतो, तोही ढोबळ. यकृतात ५ टक्क्यांहून जास्त चरबी ही आजाराची सुरुवात मानतात, पण २०-३० टक्क्यांच्या खालची चरबी साध्या सोनोग्राफीला बऱ्याचदा दिसतच नाही.

आयुष्यभराचा धोका ठरवणारी गोष्ट या ग्रेडमध्ये नाहीच. ती म्हणजे वण, डॉक्टरी भाषेत फायब्रोसिस. यकृतात तारकेसारख्या आकाराच्या काही पेशी असतात, एरवी शांतपणे अ जीवनसत्त्व साठवणाऱ्या. चरबीने लदलेल्या पेशी मरू लागल्या, दाह सुरू झाला, की या तारकापेशी साठवण सोडून देतात आणि कोलॅजेनचे धागे विणायला लागतात. जखम भरायला हे धागे हवेतच. पण जखम रोजचीच असेल तर विणकामही थांबत नाही. या वणाचे टप्पे ० ते ४ असे मोजतात आणि चौथा टप्पा म्हणजे सिरोसिस. सोनोग्राफीचा ग्रेड आणि वणाचा टप्पा ही दोन वेगळी मोजमापं आहेत. ग्रेड १ असलेल्या माणसाचा वण तिसऱ्या टप्प्यावर असू शकतो आणि ग्रेड ३ असलेल्याचा शून्यावर. त्याहून विचित्र गोष्ट म्हणजे सिरोसिस मुरला की यकृतातली चरबी पुष्कळदा कमी होते. म्हणजे आजार पुढे सरकलेला आणि रिपोर्टात चरबी उतरलेली!

वेगाचं म्हणाल तर, बायोप्सीच्या (यकृताचा बारीक तुकडा काढून तपासण्याच्या) अभ्यासांतून निघालेली सरासरी अशी: नुसती चरबी असेल तर वण एक टप्पा पुढे सरकायला सुमारे १४ वर्षं, सोबत दाह असेल तर सुमारे ७. ही सरासरी झाली; काहींची गाडी याहून बरीच जोरात धावते. चाळिशीतला रिपोर्ट आणि साठीतला त्रास यांची सांगड कोणी घालत नाही, ती यामुळेच. आत काय चाललंय हे दुखून कळण्याचीही सोय नाही. वेदना कळवणारे मज्जातंतू यकृताच्या वेष्टनात असतात, आत नाहीत. पोटात पाणी भरतं, अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा फुटून रक्ताची उलटी होते किंवा माणूस भ्रमिष्टासारखा वागू लागतो, तेव्हा कुठे पहिल्यांदा कळतं. यकृताचा कर्करोग तर या आजारात कधीकधी सिरोसिस व्हायच्या आधीच होतो.

तेव्हा डॉक्टरांना ग्रेड विचारून भागत नाही. "वण आहे का, असेल तर किती?" हे विचारायचं.

"एसजीपीटी नॉर्मल तर लिव्हर ठणठणीत."

एसजीपीटी वाढतं ते पेशी फुटून आतलं एन्झाइम रक्तात सांडल्यावर. वण मोजणं हे त्याचं काम नाही. वण पुढे गेलेल्या कित्येकांचं एसजीपीटी रिपोर्टात ठळक अक्षरांत छापलं जात नाही, म्हणजे मर्यादेतच असतं.

पण त्याच रिपोर्टातले आकडे नीट जोडले तर बरंच कळतं. फिब-४ नावाचा साधा हिशेब आहे: वय गुणिले एसजीओटी (एसजीपीटीसारखंच दुसरं एन्झाइम); या गुणाकाराला प्लेटलेट (हजारांत) आणि एसजीपीटीचं वर्गमूळ यांच्या गुणाकाराने भागायचं. समजा वय ५२, एसजीओटी ३८, एसजीपीटी ३४, प्लेटलेट १ लाख ९० हजार. यातला एकही आकडा बहुतेक प्रयोगशाळांच्या मर्यादेबाहेर नाही. उत्तर येतं १.७८. हे १.३च्या खाली असतं तर पुढे गेलेला वण असण्याची शक्यता फार कमी धरतात, २.६७च्या वर गेलं तर तज्ज्ञाकडे जायचं. मधल्या पट्ट्यात फायब्रोस्कॅन करतात. त्यात बरगड्यांवरून हलका धक्का देऊन यकृताचा ताठरपणा मोजला जातो, सुई वगैरे काही नाही. पस्तिशीच्या आत फिब-४ भरवशाचं नाही आणि पासष्टीनंतर खालची मर्यादा २ धरतात, एवढी पथ्यं सांभाळायची. मोबाइलवर दोन मिनिटांत होणारा हा हिशेब छापील रिपोर्टावर आयता का देत नाहीत, हे कोडं मला सुटलेलं नाही.

"दारू न पिणाऱ्याला सिरोसिस होत नाही. बारीक माणसाला तर फॅटी लिव्हरच होत नाही."

पहिल्या वाक्याला १९८०मध्येच उत्तर मिळालं आहे. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या युर्गेन लुडविग आणि सहकाऱ्यांनी २० रुग्णांच्या बायोप्सी मांडल्या. सूक्ष्मदर्शकाखाली दिसायला थेट दारूने खराब झालेल्या यकृतासारख्या, आणि माणसं मात्र न पिणारी. त्यांतल्या काहींना सिरोसिसही होता. आजाराला "नॅश" (दारूविना चरबी आणि दाह, अशा अर्थाच्या इंग्रजी नावाचं लघुरूप) हे नाव त्याच लेखात मिळालं. त्याआधी अशा रुग्णांवर डॉक्टर बहुधा विश्वास ठेवत नसत. चोरून पीत असेल, अशी समजूत. नातेवाईक अजूनही असंच म्हणतात. उलट बाजूही आहे: वजन, साखर यांच्यामुळे चरबी साठलेली असताना वर दारूही असेल, तर वण जास्त वेगाने वाढतो.

बारीक माणसांचं म्हणाल तर वजनकाटा फसवा आहे. हातपाय काटकुळे आणि चरबी पोटाच्या आत, ही ठेवण काही दुर्मीळ नाही. काहींच्या जनुकांतच खोट असते. पीएनपीएलए३ या जनुकाच्या एका प्रकाराने वजन बेताचं असतानाही यकृतात चरबी साठते, हे २००८पासून माहीत आहे.

"लिव्हर स्वतःला पुन्हा उगवतं, काळजी कशाला?"

उगवतं खरं. १९३१मध्ये हिगिन्स आणि अँडरसन यांनी उंदरांच्या यकृताचा दोन तृतीयांश भाग कापून दाखवला होता. थोड्याच दिवसांत तो भरून आला. जिवंत दात्याकडून यकृताचा तुकडा घेता येतो तो याच गुणामुळे. पण या दोन्ही ठिकाणी उरलेलं यकृत निरोगी असतं. वणांच्या जाळीत अडकलेल्या पेशी वाढतात त्या गाठीगाठींनी, आणि त्या गाठींमधून रक्त धड वाहत नाही.

"कोलेस्टेरॉलच्या गोळ्या लिव्हर खराब करतात. त्या थांबवा आणि हा ज्यूस घ्या."

इथे मेसेज नुसता चुकीचा राहत नाही, जिवावर बेतणारा होतो. या आजारात सर्वांत मोठा धोका हृदयाचा, आणि सल्ला काय, तर हृदय सांभाळणारी गोळी बंद करा! फॅटी लिव्हर असलेल्यांत स्टॅटिन, म्हणजे याच कोलेस्टेरॉलच्या गोळ्या, सुरक्षित आहेत. सिरोसिसच्या सुरुवातीच्या, सावरलेल्या अवस्थेतही त्या देता येतात. यकृताला इजा केल्याची नोंद उलट "नैसर्गिक" म्हणून विकल्या जाणाऱ्या गोष्टींच्याच नावावर आहे. ग्रीन टीच्या अर्काच्या कॅप्सूल, वजन उतरवणारं गार्सिनिया, यांनी काहींवर यकृत बदलायची वेळ आणली आहे. कपभर चहाशी याचा संबंध नाही. आणि हो, कॉफी पिणाऱ्यांत वण कमी आढळतो. पण कॉफीबद्दल मेसेज कोणी पाठवत नाही.

यकृताला "धुण्याची" गरज नसते. चरबी उतरते ती वजन उतरल्यावर. २०१५मध्ये क्यूबातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला: २९३ रुग्ण, ५२ आठवडे, आहार आणि व्यायाम. वजन १० टक्के किंवा जास्त घटवलेल्यांपैकी ९० टक्क्यांचा दाह मावळला आणि ४५ टक्क्यांचा वण मागे हटला. तितकं वजन घटवणं जमलं मात्र जेमतेम दहापैकी एकाला. पाच-सात टक्क्यांनीही चरबी आणि दाह कमी होतो, तेव्हा निराश व्हायचं कारण नाही. फक्त ते २१ दिवसांचं काम नव्हे.

"यावर औषधच नाही, मग तपासणी करून करायचं काय?"

हे २०२४पर्यंत बऱ्याच अंशी खरं होतं. त्या वर्षी मार्चमध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने रेस्मेटिरोमला मंजुरी दिली, ऑगस्ट २०२५मध्ये सेमाग्लुटाइडला. दोन्ही मंजुऱ्या दाह आणि दुसऱ्या-तिसऱ्या टप्प्याचा वण असलेल्यांसाठी आहेत. पहिल्या टप्प्यावर ही औषधं लागत नाहीत आणि चौथा गाठला की या मंजुरीत बसत नाहीत. आपण कोणत्या टप्प्यावर आहोत, हे "ग्रेड १" या शब्दांवरून कळत नाही. माझा फायब्रोस्कॅन पुढच्या आठवड्यात आहे.